दुसऱ्यांदा धुवावं लागू नये म्हणून

वाळत घातलेला कपडा खाली पडला तर काय होतं, हे घरात पाणी कुठून येतं त्यावर ठरतं. नळाला चोवीस तास पाणी असेल तर फारसं काही होत नाही. उचलला, खळबळला, पुन्हा दोरीवर टाकला. माझ्या आजोळी मात्र कपडा पडला की घरातला सूर बदलायचा. रत्नागिरीजवळचं, कातळावरचं गाव. पावसाळ्यात अंगणात पाऊल टाकवत नाही असा पाऊस, आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसायला लागलेला. माती तांबडी, ओल्या धोतराला ती लागली की एका धुण्यात निघायची नाही. आजी पडलेला कपडा हातात धरून म्हणायची, "गेल्या दोन कळश्या फुकट." कपड्यासाठी ती हळहळत नसे. तिला वाईट वाटायचं ते पाण्याचं, आणि रहाट ओढणाऱ्या हातांचं.

कपड्यांच्या चिमट्याबद्दल मिळेल ते मी गेली काही वर्षं वाचते आहे. त्यात पेटंटांची, कारखान्यांची, लाकडाच्या जातींची माहिती पुष्कळ आहे. ती वाचताना मला सारख्या त्या दोन कळश्या आठवतात. कारण ही सगळी खटपट एवढ्याचसाठी होती, की एकदा धुतलेलं दुसऱ्यांदा धुवावं लागू नये.

आजीकडे चिमटा नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं. चादरी, गोधड्या गडग्यावर पसरायच्या आणि कडेला चार दगड ठेवायचे. लहानसहान कपडे वईवर. धोतर दोन माडांमधल्या काथ्याच्या दोरीवर, त्याचं टोक दोरीला गाठ मारून बांधलेलं. करवंदीच्या जाळीवर टाकलेलं लुगडं वाऱ्याने जागचं हलायचं नाही, काटेच ते धरून ठेवायचे. काढताना मात्र एकेक काटा सोडवत बसावं लागे. घाईने ओढलं की फाटलंच. पावसाळ्याचे चार महिने सगळं घरात, वलणीवर, खाली चुलीची धग. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीत निखारे, त्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली आणि टोपलीवर बाळाची दुपटी, लंगोट. त्या दुपट्यांना ओव्याच्या धुरीचा वास लागायचा. बंद खोलीत वारा कुठून येणार? तिथे कपडा धरून ठेवायची गरजच नव्हती.

जगात इतरत्रही शेकडो वर्षं असंच चाललं. इंग्लंडच्या खेड्यांत हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांवर कपडे वाळत. आमची करवंद, त्यांचा हॉथॉर्न, काम तेच. हॉलंडमध्ये हार्लेम शहराबाहेर लिननचं कापड उन्हात पांढरं करण्याची मोठमोठी कुरणं होती. याकोब व्हान राउसडाल या चित्रकाराने १६७०च्या सुमारास ती रंगवली आहेत. चित्राचा बहुतेक भाग ढगांनी भरलेल्या आभाळाचा, आणि खाली गवतावर अंथरलेल्या कापडाच्या लांबच लांब पांढऱ्या पट्ट्या. जमिनीवर पसरलेल्या कापडाला पडण्याचं भय नसतं. जागा हवी, गवत स्वच्छ हवं आणि राखायला माणूस हवं.

ज्यांच्याकडे गवत नव्हतं आणि कुंपणही नव्हतं ते दोरीकडे वळले. दोरी आली आणि वाऱ्याशी गाठ पडली. सुरुवातीचा चिमटा म्हणजे एक लाकडी काडी, खालून अर्ध्याच्या वर चिरलेली. कपडा दोरीवर टाकायचा आणि वरून ही काडी दाबून बसवायची. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या वस्त्यांत असे चिमटे बनत. साधी राहणी आणि नेटकं लाकूडकाम ही त्या लोकांची ओळख. व्हेलच्या शिकारीला गेलेले खलाशी जहाजावरच्या मोकळ्या वेळात व्हेलच्या हाडातून चिमटे कोरत. १९व्या शतकातले असे हाडाचे चिमटे अमेरिकेतल्या संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. मला त्यांचं फार अप्रूप वाटतं. व्हेलच्या शिकारीच्या सफरी वर्षानुवर्षं चालत. इतक्या दिवसांनी घरी परतणाऱ्या माणसाने काय घेऊन यावं, तर घरच्या बाईच्या रोजच्या धुण्याला उपयोगी पडेल अशी वस्तू. आणि ती बनवताना त्याने तिचे हात डोळ्यांपुढे आणले असणार, नाहीतर ती अंगठ्यात आणि बोटात बसेल इतक्या मापाची होत नाही.

ब्रिटनमध्ये रोमा भटक्या कुटुंबांचा हा पोटापाण्याचा धंदा होता. विलोची फांदी आणायची, साल सोलायची, वितीपेक्षा लहान तुकडे पाडायचे. एका टोकाजवळ जुन्या डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून बारीक खिळ्याने ठोकायची आणि मग दुसऱ्या टोकाकडून तुकडा चिरायचा. पत्र्याच्या पट्टीमुळे चीर वरपर्यंत जात नाही, लाकूड दुभंगत नाही. शेवटी चिरेची तोंडं आतून सुरीने तासायची, म्हणजे दोरीवर सहज सरकतील. फेकून दिलेला डबा आणि ओढ्याकाठचं लाकूड, भांडवल एवढंच. बायका टोपल्या घेऊन दारोदार ते विकत. २०व्या शतकातही कितीतरी वर्षं हे चालू होतं. सूप-टोपल्या घेऊन दारावर येणाऱ्या कैकाडी आणि बुरूड बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

त्या चिरलेल्या काडीत एक खोट होती. लाकूड ओल्या कपड्यामुळे फुगतं आणि वाळताना आकसतं, पकड सैल होते; मग वाऱ्याचा झोत आला की काडी वर सरकते आणि निसटते. म्हणजे कपडा नेमका वाळत आला असताना पडणार. घासून झालं, पिळून झालं, वाळायला घातलेलं निम्म्याहून जास्त वाळलं, आणि आता तो मातीत.

१८५३ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, स्प्रिंगफील्ड गावच्या डेव्हिड एम. स्मिथने स्प्रिंगच्या चिमट्याचं पेटंट घेतलं. लाकडाचे दोन वेगळे भाग, मध्ये स्प्रिंग; मागून दाबलं की पुढचं तोंड उघडतं, सोडलं की मिटतं. अर्जात त्याने लिहिलं आहे की साधा चिमटा वाऱ्याने कपड्यावरून सुटतो आणि धुणाऱ्या बायकांना त्याचा मोठा जाच होतो. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. स्मिथ कोण होता, त्याच्या घरात धुणं कोण धुवायचं, मला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ज्या कागदावर खाचा, तरफा आणि स्प्रिंगांचं वर्णन करायचं, त्यावर त्याने त्या बायकांचं नाव काढलं. वारा आणि धुणारी बाई यांच्यामध्ये आपण काहीतरी ठेवतो आहोत, हे त्याला नीट कळलेलं होतं.

१८५२ ते १८८७ या काळात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने चिमट्यांच्या १४६ नमुन्यांना पेटंट दिली. एवढ्याशा वस्तूवर इतकी डोकी का झिजली असतील? धुणं तेव्हा आठवड्यातला एक अख्खा दिवस खात होतं, पाणी हंड्यांनी तापवावं लागत होतं, म्हणून. शेवटी १८८७ मध्ये व्हरमाँटच्याच सोलोन ई. मूरने जो चिमटा केला तोच, थोड्याफार फरकाने, आज आपल्या बादलीत पडलेला असतो.

घरात लाकडी चिमटा असेल तर तो एकदा सोडवून बघावा. दोन पट्ट्या अगदी सारख्या, एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी चालेल. दोघींच्या आतल्या बाजूला दोन खाचा: पुढची अर्धगोल, दोरीसाठी, मागची उथळ, तारेचं वेटोळं बसण्यासाठी. बाहेरच्या बाजूला एक आडवी बारीक खोबण, तारेची टोकं अडकायला. आणि ती तार! एकाच तारेला चार-पाच वेढे देऊन दोन टोकं बाहेर काढून वाकवलेली. मूरची करामत इथे आहे. वेटोळं हाच टेकू आणि वेटोळं हीच स्प्रिंग. वेगळी बिजागरी नको, खिळा नको, स्क्रू नको. बोटांनी मागे दाबलं की पट्ट्या वेटोळ्यावर डुलतात, बाहेरची टोकं फाकतात आणि तार पिळली जाते. बोटं काढली की तो पीळ उलगडायला बघतो आणि तोंड आवळतं. कपडा जाड असो की पातळ, तार तेवढ्यापुरतं जुळवून घेते. सोडवलेला चिमटा पुन्हा जोडताना मात्र अंगठ्याला हिसका बसतो, तेव्हा लक्षात येतं की या तारेत जोर किती आहे. तोच जोर मलमलीच्या कडेला भोक न पाडता धरतो.

मूरचा चिमटा बनवायला व्हरमाँटची राजधानी माँटपीलियर इथे कारखाना निघाला. १९०९ मध्ये त्याच गावात दुसरा, नॅशनल क्लोथस्पिन कंपनी. जवळच्या मेन राज्यातही बर्चच्या जंगलांच्या आधाराने हा धंदा वाढला. पुढे घरोघरी वीजेवरचे ड्रायर आले, बाहेरच्या देशांतून स्वस्त चिमटे आले. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी चिमट्यांच्या आयातीवर मर्यादा घातली, पण कारखाने काही टिकले नाहीत. व्हरमाँटच्या मिडलसेक्स गावातल्या दफनभूमीत एका चिमटे-कारखानदाराच्या थडग्यावर ग्रॅनाइटचा भला मोठा चिमटा उभा आहे. ज्या वस्तूने आयुष्य चालवलं ती डोक्याशी असावी, हे मला पटतं. फिलाडेल्फियात नगरभवनासमोरही एक चिमटा आहे, १९७६ साली शिल्पकार क्लेस ओल्डनबर्गने केलेला, ४५ फूट उंच, पोलादाचा. त्या चिमट्याच्या दोन पट्ट्यांत त्याला एकमेकांना बिलगलेली दोन माणसं दिसली. एवढी उंच शिल्पं आपण सेनापतींची आणि पुढाऱ्यांची करतो; कुणीतरी चिमट्याचं केलं, याचा मला आनंद आहे.

मुंबईत मात्र धुण्याचं सगळ्यात मोठं काम चिमट्यावाचून चालतं. महालक्ष्मी स्टेशनला लागून असलेल्या पुलावर उभं राहिलं की खाली धोबीघाट दिसतो. सिमेंटचे हौद, प्रत्येकात आपटायचा दगड, आणि वर रांगाच्या रांगा दोऱ्या: एका ओळीत हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी, दुसरीत हॉटेलांचे पांढरे टॉवेल. चिमटा कुठेच नाही. दोन दोऱ्या एकमेकींत पीळ घालून ताणून बांधलेल्या असतात. पीळ बोटाने किंचित उकलायचा, कपड्याचा कोपरा आत सारायचा, बोट काढायचं. झालं. ओल्या कपड्याच्या भाराने दोरी आणखी ताणते आणि पीळ आणखी आवळतो. भार वाढेल तशी पकड घट्ट. हात असा चालतो की पाहताना कळतच नाही कोपरा आत कधी गेला. काढताना दोन्ही हातांनी एक झटका, कपडा खांद्यावर. दिवसाकाठी शेकड्यांनी कपडे वाळत घालायचे तर प्रत्येकाला दोन चिमटे लावत कोण बसणार? या युक्तीवर कुणा एकाचं नाव नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांतून आलेली आहे.

परीट हा बारा बलुतेदारांतला. गावाचं धुणं वर्षभर करायचं आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं. कुणाचा कपडा कुठला हे ओळखायला बिब्याच्या रसाने कोपऱ्यावर खूण करत. ती किती धुतली तरी जात नाही. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात जन्मले. त्यांच्या खराट्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्यांचा मळ काढण्याचं काम त्या घरात आधीपासून होतं, हेही त्याच्या जोडीने सांगायला हवं.

चाळीत चिमट्याच्या आधी काठी होती. छताजवळ आडव्या बांधलेल्या दांड्या किंवा दोऱ्या, आणि कपडा काठीच्या टोकावर घेऊन तिथे चढवायचा. साडीची एक बाजू आधी टाकायची, मग काठीने पलीकडून खाली ओढून दोन्ही पदर सारखे करायचे. ज्यांना जमायचं त्यांच्या साडीला एक सुरकुती राहत नसे. दहा बाय बाराच्या खोलीत जमीन माणसांना लागायची, म्हणून कपडे डोक्यावर गेले. जुन्या घरांत हीच काठी सोवळ्यासाठी वापरली जायची. सोवळ्याचं वस्त्र उंच दांडीवर, कुणाचा हात लागू नये म्हणून. ते 'कुणाचा' म्हणजे कोणाकोणाचा, हे आठवलं की त्या काठीचं कौतुक करताना जीभ अडखळते.

आई लग्नानंतर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली आणि आमच्या घरात चिमटे आले. माझ्या मते मराठी घरांत चिमटा आला तो उंचीमुळे. तळमजल्यावर कपडा पडला तर अंगणात पडतो. तिसऱ्या मजल्यावरून पडला तर खालच्या दुकानाच्या पत्र्यावर, दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर, नाहीतर थेट गटारात. पत्र्यावर अडकलेला परकर दुकानदाराकडे मागायला आई मला पाठवायची, स्वतः जायची नाही. पाणी सकाळी तासभर यायचं. त्या तासात धुणं, भांडी, पिंप भरणं सगळं उरकायचं. दुपारी पडलेल्या कपड्यासाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागे. आजीच्या कळश्या इथेही सुटल्या नव्हत्या.

चिमटे लोकलच्या बायकांच्या डब्यात मिळत. टिकल्या, रुमाल, केसांच्या पिना आणि चिमटे अशी एक बाई गळ्यातल्या पिशवीतून काढून पुढे धरायची. "घे गं ताई, स्प्रिंग बघ, दाबून बघ!" आई खरंच दाबून बघायची. प्रत्येक चिमटा एकदा उघडून, कानाजवळ मिटवून. टक् असा आवाज आला तर घ्यायचा, नुसता मिटला तर परत. डझनातले दोन-तीन ती नेहमी बदलून घ्यायची आणि विकणारीही न कुरकुरता बदलून द्यायची.

कपडा नुसता दोरीवरून दुहेरी टाकला की मधला पट्टा दोरीला चिकटून राहतो, दोन्ही बाजू एकमेकींना लागतात आणि हवा आत जात नाही. पाणी कपड्यातून उडून जातं तेव्हा लगतची हवा दमट होते. ती हलली आणि तिच्या जागी कोरडी हवा आली तरच पुढचं पाणी उडतं. चिमट्याने कपडा कडेला धरून एकेरी सोडता येतो, म्हणून तो लवकर वाळतो. भाद्रपदात, हवाच पाण्याने भरलेली असताना, हा फरक एका अख्ख्या दिवसाचा असतो, आणि तेवढ्यात कुबट वास धरायचा की नाही ते ठरतं. शर्ट नेहमी उलटा, खालच्या घेराच्या शिवणीवर चिमटे. खांद्यावर लावले तर तिथे टोकं येतात आणि ती इस्त्रीनेही नीट बसत नाहीत. मोजा बोटांकडून, पाण्याचा निचरा तोंडाकडून. खळ घातलेली सुती साडी चार पदरी, काठाला काठ जुळवून. आई हे सगळं बोलून कधी शिकवत नव्हती. मी चुकीचा लावलेला चिमटा ती काढायची आणि योग्य जागी लावायची, तेवढंच.

दोरीवरच्या जागाही ठरलेल्या असतात. बाहेरच्या दोरीवर चादरी, शर्ट, पुरुषांच्या विजारी; त्याच्या आत साड्या; आणि सगळ्यात आत, भिंतीला लागून, बायकांचे आतले कपडे, वर टॉवेल पांघरून. उन्हाचा सगळ्यात कमी वाटा त्यांना. मासिक पाळीच्या कापडांचं याहून वाईट. कितीतरी घरांत ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, ओल्या पोत्याआड, दुसऱ्या कपड्याच्या पोटात वाळत घातली जात, आजही जातात. खरं तर ज्या कापडाला कडक ऊन सगळ्यात जास्त हवं, जंतू मरण्यासाठी हवं, तेच अंधारात. अर्धवट ओली, कुबट कापडं पुन्हा वापरायची, आणि मग खाज, पुरळ, दुखणी, त्याबद्दलही गप्प राहायचं. गावोगाव काम करणाऱ्या आशाताई हल्ली सांगतात, कापड साबणाने धुवा आणि उन्हात घाला. सांगणं सोपं, घरात त्यासाठी दोरीची एक वीतभर जागा मिळवणं कठीण. लाज पाळायला लावणाऱ्या घरांनी बायकांच्या तब्येतीचं जे नुकसान केलं त्याचा राग मला कमी होत नाही. माझ्या मुलीचे सगळे कपडे आमच्याकडे बाहेरच्या दोरीवर वाळतात. उन्हात. चिमटे लावून.

लाकडी चिमट्यांच्या जागी प्लॅस्टिकचे आले तेव्हा आई खूश होती, कारण लाकूड पावसात काळं पडायचं. पण प्लॅस्टिक उन्हात टिकत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटत जातात, रंग उडतो, बोटांना पांढरी भुकटी लागते, आणि एके दिवशी दाबताच पट्टी मोडून स्प्रिंग कुठेतरी उडते. काळे चिमटे त्यातल्या त्यात जास्त टिकतात, कारण त्यांतली काजळी किरणं स्वतः शोषून घेते. स्प्रिंग साध्या तारेची असेल तर गंजते आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावर दोन तांबूस ठिपके सोडून जाते. हा डाग साबणाने जात नाही. लिंबू पिळायचं, मीठ चोळायचं आणि उन्हात ठेवायचं. तासाभराने धुतलं की ठिपका फिका होतो, दोनदा केलं की जातो. ब्लीच मात्र घालू नये, गंजाचा डाग त्याने आणखी पक्का होतो. हल्ली सबंध स्टीलच्या तारेचे चिमटे मिळतात. महाग पडतात, पण मी तेच घेते, कारण मोडलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांचं पुढे काय करायचं याला कुणाकडेच उत्तर नाही.

चिमटा दोरी सोडूनही कुठे कुठे जातो. फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत ओले फोटो त्यानेच टांगत. सिनेमाच्या सेटवर दिव्यांना रंगीत जिलेटीन लावायला आजही लाकडी चिमटा लागतो, कारण तापलेल्या पत्र्याची धग लाकडातून हाताला लागत नाही. आणि २०२०मध्ये ज्याच्या-त्याच्या घरात आलेला ऑक्सिमीटर, जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात ज्याचं तत्त्व शोधलं, तो बोटावर राहतो तो चिमट्यासारख्याच स्प्रिंगने. माझ्या सासऱ्यांच्या बोटाला तो लावताना रात्री-अपरात्री मी मागची बाजू दाबायचे, बोट आत घ्यायचे आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघायचे. घट्ट हवं, पण बोटातलं रक्त थांबता कामा नये. कापड धरायलाही हेच लागतं.

आता जे सांगायचं आहे ते आमच्या सोसायटीबद्दल. गेल्या वर्षी सभेत ठराव आला की रस्त्याकडच्या बाल्कन्यांत कपडे वाळत घालू नयेत. इमारतीची शोभा जाते, फ्लॅटला भाव येत नाही, असं कारण. ज्यांना हवं त्यांनी ड्रायर घ्यावा. न्यू जर्सीत राहणारी माझी मामेबहीण हे ऐकून म्हणाली, "अगं, आमच्याकडे कधीपासून असंच आहे." अमेरिकेत अनेक वसाहतींच्या नियमांत बाहेर दोरी बांधायला मनाई असते, आणि त्याविरुद्ध लोकांनी वाळत घालण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. फ्लॉरिडात हा हक्क १९८०पासून कायद्याने आहे. २००९ मध्ये व्हरमाँटनेही तसा कायदा केला. स्मिथ आणि मूर यांच्या व्हरमाँटने. ड्रायरच्या एका खेपेला दोन-तीन युनिट वीज सहज जाते. वर्षातले आठ महिने कडक ऊन असणाऱ्या महाराष्ट्रात ती कशासाठी जाळायची?

मी सभेत हे बोलले. ऊन फुकट आहे, उन्हाने कपड्याचा वास जातो, आणि दोरीवरच्या कपड्यांत लाज वाटण्यासारखं काही नाही, एवढंच सांगितलं. वरच्या मजल्यावरून पाणी ठिबकतं ही तक्रार खरी होती, ती मी मान्य केली. ठराव तूर्त बाजूला ठेवला गेला. दोरी कठड्याच्या आत बांधायची आणि कपडे नीट पिळून घालायचे असं ठरलं. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आत दोरी खाली घ्या ताई, एवढ्या वर हात पुरत नाही माझा, आणि खांदा धरलाय." त्या आमच्या इमारतीतल्या सात घरांचं धुणं वाळत घालतात. सभेत दोरीच्या उंचीबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं, मीही नाही. पुढच्या महिन्यात विषय पुन्हा येणार आहे. तेव्हा मावशींना आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या दोघींना सभेला बोलवावं, दोरी कुठे आणि किती उंच बांधायची हे आधी त्यांना विचारावं, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे.